जनुकांची मालकी कोणाची?

(तुंगार्ली, लोणावळा येथे अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



अर्थशास्त्राच्या एका निवृत्त अध्यापकाने मानवी जनुकांविषयी बोलावे, हे आपल्यापैकी काहींना चमत्कारिक वाटण्याचा संभव आहे. जनुक म्हणजे काय हे सांगण्याचा अधिकार जीवशास्त्रज्ञाचा आणि त्याच्या दोषामुळे होणाऱ्या रोगावर उपचार करण्याचा अधिकार वैद्याचा. त्या दोघांच्या क्षेत्रात मी शिरणार नाही. परंतु एखादी वस्तू कोणाच्या मालकीची असावी, तिचा मोबदला कोणी कोणाला द्यावा आणि तो किती असावा, हे प्रश्न उभे राहिले की ते अर्थकारणाचे आणि म्हणूनच राजकारणाचेही प्रश्न होतात. मानवी जनुकांच्या बाबतीत हे प्रश्न गेली चाळीसहून अधिक वर्षे जगभर गाजत आहेत. आपल्याकडे मात्र त्यांची चर्चा तज्ज्ञांच्या परिषदांबाहेर क्वचितच आली. ती सामान्य माणसापर्यंत आली पाहिजे, कारण ज्याच्या रक्तातून हे सारे ज्ञान काढले जाते तो सामान्य माणूसच आहे.

प्रथम प्रश्नाचे स्वरूप समजून घेऊ. माणसाच्या जवळजवळ प्रत्येक पेशीत डीएनएच्या लांबलचक साखळ्या असतात. त्यांच्या ज्या भागांवरून शरीर प्रथिने घडवते, त्या भागांना आपण ढोबळमानाने जनुके म्हणतो. माणसात अशी सुमारे २०,००० जनुके आहेत. त्यांपैकी ‘बीआरसीए-१’ आणि ‘बीआरसीए-२’ ही दोन जनुके तुमच्याआमच्यात, स्त्रियांत आणि पुरुषांतही असतात. त्यांच्यात विशिष्ट दोष असेल तर स्तनाच्या आणि बीजकोषाच्या कर्करोगाचा धोका फार वाढतो. तो दोष आहे की नाही हे तपासणीने कळू शकते आणि कळल्यास वेळेवर उपाय योजता येतो.

यांपैकी पहिले जनुक सतराव्या गुणसूत्रावर असावे, हे मेरी-क्लेअर किंग या संशोधिकेने १९९० मध्ये दाखवून दिले. त्या एका विद्यापीठात काम करीत होत्या. त्यानंतर त्याची नेमकी जागा आणि रचना शोधण्याची स्पर्धा सुरू झाली. १९९४ मध्ये अमेरिकेतील यूटा राज्यातील मिरियड जेनेटिक्स या कंपनीच्या आणि तेथील विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी ती जिंकली. कंपनीने या दोन्ही जनुकांवर पेटंटे मिळविली आणि ती वापरून इतर प्रयोगशाळांना तपासणी बंद करावयास लावली. अमेरिकेत ही संपूर्ण तपासणी करणारी एकच प्रयोगशाळा उरली आणि तिचा दर तीन हजार डॉलरांच्या वर गेला. त्या निष्कर्षाविषयी शंका आली तर दुसऱ्या प्रयोगशाळेचे मत घ्यावे, ही सोयही रुग्ण स्त्रीला राहिली नाही. तिच्या शरीरातील जनुक वाचण्याचा हक्क दुसऱ्याच कोणाचा झाला होता.

शोध आणि निर्मिती

हे घडू कसे शकले? याचे मूळ १९८० मधील एका निकालात आहे. आनंद मोहन चक्रवर्ती या भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञाने सांडलेल्या खनिज तेलाचा फडशा पाडू शकेल असा एक जिवाणू प्रयोगशाळेत घडविला होता. त्यावर पेटंट देता येते, असा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी दिला. निसर्गात नसलेली वस्तू माणसाने केली म्हणून पेटंट, असा तो तर्क होता. परंतु एकदा दार किलकिले झाले की ते सताड उघडावयास वेळ लागत नाही. पुढे असा युक्तिवाद सुरू झाला की शरीरातून वेगळे काढलेले जनुक हेही एक नवे रसायनच होय. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीनुसार मानवी जनुकांपैकी सुमारे एक पंचमांश जनुकांवर अमेरिकेत कोणाचा ना कोणाचा पेटंटचा दावा होता.

येथे मराठी भाषेमुळे होणारा एक घोटाळा दूर केला पाहिजे. गुरुत्वाकर्षणाचाही आपल्याकडे ‘शोध’ लागतो आणि वाफेच्या इंजिनाचाही ‘शोध’च लागतो. पहिली गोष्ट माणसाच्या आधीपासून होती. दुसरी माणसाने केली. पेटंटचा कायदा जगात सर्वत्र या दोहोंत भेद करतो आणि फक्त दुसरीला संरक्षण देतो. तेव्हा जनुकाच्या बाबतीत विचारावयाचे ते एवढेच : ही गोष्ट सापडली की केली?

अमेरिकेतील शास्त्रज्ञांच्या संघटना, रुग्ण स्त्रिया आणि नागरी स्वातंत्र्यासाठी झगडणारे वकील यांनी २००९ मध्ये मिरियडविरुद्ध दावा लावला. १३ जून २०१३ रोजी तेथील सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितले की निसर्गात आढळणारा डीएनएचा तुकडा केवळ वेगळा काढला म्हणून पेटंटयोग्य होत नाही. प्रयोगशाळेत कृत्रिमरीत्या तयार केलेल्या पूरक डीएनएला मात्र न्यायालयाने पेटंटची मुभा ठेवली. निकालानंतर लगेच इतर प्रयोगशाळांनी पुष्कळ कमी दरात तपासणी देऊ केली. ऑस्ट्रेलियाच्या उच्च न्यायालयाने, जे तेथील सर्वोच्च न्यायालय आहे, ऑक्टोबर २०१५ मध्ये तसाच निर्णय एकमताने दिला. युरोपात मात्र १९९८ च्या निर्देशानुसार शरीरातून वेगळे काढलेले जनुक विशिष्ट अटींवर आजही पेटंटयोग्य मानले जाते. म्हणजे वाद संपला असे समजण्याचे कारण नाही.

पाऊस आणि धरण

तत्त्वाचा हा भाग मावळातील माणसाला समजावयास कठीण जाऊ नये. या डोंगरावर वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो. टाटांच्या कंपनीने शंभराहून अधिक वर्षांपूर्वी येथे वळवण आणि शिरवता येथे धरणे बांधली, पाणी नळांतून घाटाखाली खोपोलीला उतरविले आणि १९१५ मध्ये त्यावर वीज निर्माण केली. भिंत, नळ आणि जनित्रे यांसाठी कंपनीने पैसा, श्रम आणि बुद्धी खर्च केली. विजेचा दर तिने घ्यावा, हे आपण मान्य करतो. पण उद्या कोणी म्हणाले की या डोंगरावरचा पाऊस मी प्रथम मोजला, सबब पाऊस माझा, आणि यापुढे कोणी पन्हळीखाली घागर ठेवली तर मला कर द्यावा, तर त्याला आपण काय म्हणू? पावसाची मोजणी हे मोलाचे शास्त्र आहे. पण मोजणाऱ्याला मोजणीचे वेतन मिळते, पाऊस मिळत नाही.

याच भागाने दुसराही धडा दिला आहे. पलीकडच्या मुळशी खोऱ्यात धरण बांधावयाचे ठरले तेव्हा, १९२१ मध्ये, सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली मावळ्यांनी सत्याग्रह केला. धरण झाले. परंतु ‘प्रगती’साठी घेतलेल्या गोष्टीची किंमत कोण ठरवितो आणि ज्याचे जाते त्याला विचारले जाते काय, हा त्या सत्याग्रहाने विचारलेला प्रश्न बुडाला नाही. जमिनीच्या बाबतीत आपण तो शंभर वर्षे विचारीत आहोत. रक्ताच्या आणि पेशींच्या बाबतीत तो विचारावयाची वेळ आता आली आहे.

अमेरिकेतील जॉन मूर यांचे प्रकरण पाहा. कर्करोगावरील उपचारासाठी त्यांची प्लीहा काढली गेली. तिच्यातील पेशींपासून त्यांच्या डॉक्टरांनी एक पेशीवंश तयार केला आणि १९८४ मध्ये त्यावर पेटंट मिळाले. मूर यांना याची पूर्वकल्पना दिलेली नव्हती. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये असे ठरविले की डॉक्टरांनी आपला हितसंबंध उघड करावयास हवा होता, परंतु काढलेल्या पेशींवर मूर यांची मालकी नाही. ज्याच्या शरीरातून पेशी आल्या त्याची मालकी नाही. ज्याने त्या बाटलीत वाढविल्या त्याची आहे. अशा व्यवस्थेत मालकी ही श्रमामागे जात नाही आणि शरीरामागेही जात नाही. ती भांडवलामागे जाते.

आपल्या घरची दोन उदाहरणे

हे सारे परदेशातले आहे असे कोणी म्हणेल. म्हणून महाराष्ट्रातील दोन उदाहरणे देतो. ती परस्परविरुद्ध आहेत आणि म्हणूनच बोधप्रद आहेत.

पहिले मुंबईचे. डॉ. य. म. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात एका नव्या रक्तगटाची माहिती प्रसिद्ध केली. नेहमीच्या ए, बी, ओ गटांच्या मुळाशी असलेला एच नावाचा घटकच या रक्तात नसतो. त्यामुळे अशा व्यक्तीला ‘ओ’ गटाचे रक्तही चालत नाही. तिला त्याच गटाचे रक्त लागते. आज साऱ्या जगात हा गट ‘बाँबे ब्लड ग्रुप’ या नावाने ओळखला जातो. भारतात तो साधारणतः दहा हजारांत एकाचा असतो. युरोपात त्याहून कितीतरी विरळा. हा एका जनुकाच्या दोषाचा परिणाम आहे, हे पुढे सिद्ध झाले. आता कल्पना करा की या शोधावर कोणी मक्तेदारी सांगितली असती आणि हा गट तपासणाऱ्या प्रत्येक रक्तपेढीला परवाना घ्यावा लागला असता! तसे झाले नाही. मुंबईच्या डॉक्टरांनी ते ज्ञान जगाला देऊन टाकले आणि त्यावर किती जीव वाचले असतील याची गणती नाही. १९५७ मध्ये मुंबईत रक्तगटांसाठी सरकारी संदर्भकेंद्र स्थापन झाले. आज परळला काम करणारी राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्था ती हीच. ज्ञान खुले असले म्हणजे संशोधन थांबते, हे म्हणणे येथे तरी खोटे ठरले आहे.

दुसरे उदाहरण विदर्भ-मराठवाड्यातील कापसाचे. बोंडअळीला मारक ठरणारे एका जिवाणूचे जनुक कापसात घालून बीटी बियाणे तयार झाले आणि २००२ मध्ये भारतात त्याला परवानगी मिळाली. जालन्याची महिको आणि अमेरिकेची मोन्सँटो यांच्या संयुक्त कंपनीने ते तंत्र बियाणे कंपन्यांना परवान्याने दिले. सुरुवातीला ४५० ग्रॅमच्या पाकिटाला शेतकऱ्याला दीड हजारांहून अधिक रुपये पडत आणि त्यातील मोठा वाटा जनुकाच्या मोबदल्याचा असे. आंध्र प्रदेश सरकारने २००६ मध्ये मक्तेदारी नियंत्रण आयोगाकडे दाद मागितली, तेव्हा दर ७५० रुपयांपर्यंत खाली आले. निम्म्याहून कमी किमतीतही विक्री चालू राहिली, याचा अर्थ आधीची किंमत खर्चावर आधारलेली नव्हती. रिकार्डोने ज्याला खंड म्हटले तोच हा खंड. फक्त जमिनीऐवजी जनुकाचा. पुढे या पेटंटचा वाद न्यायालयात गेला. एप्रिल २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने बियाणे व वनस्पतीचे भाग पेटंटयोग्य नाहीत या कलमाच्या आधारे ते रद्द ठरविले. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय बाजूला सारून पुराव्यानिशी सुनावणीसाठी प्रकरण परत पाठविले आणि २०२१ मध्ये पक्षकारांनी आपसांत समेट केला. मूळ कायद्याचा प्रश्न अनिर्णितच राहिला.

आपला कायदा

भारताचा १९७० चा पेटंट कायदा हा स्वातंत्र्योत्तर काळातील आर्थिक धोरणाचा एक चांगला नमुना होता. न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांच्या १९५९ च्या अहवालावर तो उभा होता. औषधाच्या वस्तूवर पेटंट नाही, फक्त ते बनविण्याच्या प्रक्रियेवर, हे त्याचे सूत्र होते. जागतिक व्यापार संघटनेच्या करारामुळे २००५ मध्ये ते सूत्र सोडावे लागले. तरीही आपल्या संसदेने काही पहारे ठेवले. निसर्गात आढळणाऱ्या सजीव वा निर्जीव पदार्थाचा केवळ शोध हा पेटंटयोग्य नाही, असे कलम ३ चे पोटकलम (सी) सांगते. रोगनिदानाच्या पद्धतीवर पेटंट मिळत नाही, असे त्याचेच पोटकलम (आय) सांगते. पेटंट कार्यालयाच्या मार्च २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांत निसर्गातून थेट वेगळे काढलेले जनुकीय क्रम पेटंटयोग्य नाहीत, असे स्पष्ट लिहिले आहे. अमेरिकेच्या न्यायालयाने जून २०१३ मध्ये जे म्हटले, ते आपल्याकडे त्याआधीच कागदावर होते. याचा योग्य तो अभिमान बाळगावा.

परंतु पहाऱ्यावर माणूस नसेल तर नुसत्या भिंतीचा काय उपयोग? आपल्या कायद्यात कोणीही नागरिक पेटंट मिळण्यापूर्वी हरकत घेऊ शकतो. मुंबईच्या नंदिता व्यंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा तिसिले या क्षयरोगातून बऱ्या झालेल्या दोघींनी २०१९ मध्ये बेडाक्विलिन या औषधाच्या पेटंटची मुदत लांबविणाऱ्या अर्जावर अशीच हरकत घेतली आणि मार्च २०२३ मध्ये तो अर्ज फेटाळला गेला. ही सामान्य रुग्णांची ताकद आहे. आणि नेमक्या याच ताकदीवर मार्च २०२४ च्या नव्या नियमांनी मर्यादा आणल्या. हरकतीला शुल्क लागू झाले, ती दाखल करून घ्यावयाची की नाही हे आधी अधिकारी ठरविणार, आणि पेटंटधारकाने पेटंटचा देशात वापर केला की नाही याचा हिशेब दरवर्षीऐवजी तीन वर्षांतून एकदा दिला तरी चालणार. संसदेत कायदा न बदलता नियमांच्या वाटेने हे घडले, याची नोंद आपण घेतली पाहिजे.

आक्षेप आणि पुरावा

दुसऱ्या बाजूचे म्हणणे प्रामाणिकपणे मांडतो. पेटंट नसेल तर एवढा खर्च करून संशोधन कोण करील, असे विचारले जाते. प्रश्न पोकळ नाही. औषध तयार करून त्याच्या चाचण्या घेणे हे वर्षानुवर्षांचे, प्रचंड खर्चाचे आणि जोखमीचे काम आहे, आणि त्याला काही मर्यादित संरक्षण असावे याला माझा विरोध नाही. परंतु जनुक म्हणजे औषध नव्हे. ते औषधाकडे जाणाऱ्या रस्त्याचे नाव आहे. रस्त्याच्या तोंडाशीच जकातनाका बसविला तर पुढे जाणाऱ्यांची संख्या वाढेल की घटेल? शिवाय ज्या संशोधनाने हे रस्ते उघडले, त्याचा फार मोठा भाग सार्वजनिक पैशाने झाला आहे. १९९० ते २००३ या काळात चाललेला मानवी जनुकसंचाचा आंतरराष्ट्रीय प्रकल्प मुख्यतः करदात्यांच्या पैशावर चालला आणि त्यातील माहिती ताबडतोब सर्वांना खुली करावयाची, असे १९९६ मध्ये बर्म्युडा येथे शास्त्रज्ञांनीच ठरविले.

पुरावाही एकतर्फी नाही आणि तो तसा भासविणे समाजवाद्याला शोभणार नाही. हायडी विल्यम्स या अर्थशास्त्रज्ञ बाईंनी २०१३ मध्ये असे दाखविले की सेलेरा या खासगी कंपनीने करारांच्या बंधनात ठेवलेल्या जनुकांवर पुढील संशोधन आणि तपासण्या २० ते ३० टक्क्यांनी कमी झाल्या. त्यांनीच भावेन संपत यांच्यासह २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मात्र पेटंट मिळालेल्या जनुकांवर पुढील संशोधन सरासरीने लक्षणीय घटल्याचे आढळले नाही. या दोन निष्कर्षांत विसंगती आहे काय? मला वाटते, त्यांत एक इशारा आहे. पेटंट निदान जाहीर असते, त्यात माहिती उघड करावी लागते आणि वीस वर्षांनी ते संपते. माहिती कुलुपात ठेवली तर तिला मुदत नाही आणि कोणी हरकतही घेऊ शकत नाही.

कुलुपातील माहिती

नवा धोका येथेच आहे. मिरियडने २००४ नंतर आपल्या तपासण्यांत आढळलेल्या जनुकदोषांची माहिती सार्वजनिक संग्रहाला देणे थांबविले. एखादा बदल घातक आहे की निरुपद्रवी, हे हजारो रुग्णांची माहिती एकत्र पाहिल्याविना सांगता येत नाही. ती माहिती एका कंपनीपाशी साठली. २०१३ मध्ये पेटंट गेले, पण हे भांडार तिच्याकडेच राहिले. म्हणजे मालकीने वेष बदलला.

भारतीय स्त्रियांत आज सर्वाधिक आढळणारा कर्करोग स्तनाचा आहे. आपल्या समाजगटांतील जनुकीय बदल युरोपीय माणसांच्या माहितीवरून नेमके कळत नाहीत. त्यासाठी आपलीच माहिती हवी. केंद्र सरकारच्या ‘जीनोम इंडिया’ प्रकल्पात सुमारे दहा हजार भारतीयांच्या जनुकसंचांचे वाचन झाले आणि जानेवारी २०२५ मध्ये ती माहिती फरीदाबादच्या सरकारी केंद्रातून संशोधकांना उपलब्ध करण्यात आली. हे स्वागतार्ह आहे. परंतु ज्या कंपनीला ही माहिती मिळेल, तिने त्यावरून तयार केलेली तपासणी येथील ग्रामीण रुग्णालयात कोणत्या दराने मिळेल, याचे उत्तर कोणत्या कायद्यात आहे?

उत्तर मिळत नाही. आपल्या हळदीच्या गुणांवर अमेरिकेत १९९५ मध्ये पेटंट दिले गेले, तेव्हा डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने लढा देऊन १९९७ मध्ये ते रद्द करविले. त्या जागृतीच्या काळात, २००२ मध्ये, जैवविविधता कायदा झाला. रोपटे, बी, जिवाणू बाहेर न्यावयाचे तर परवानगी आणि लाभात वाटा, अशी त्यात तरतूद आहे. पण त्याच कायद्याच्या व्याख्येतून मानवी जनुकीय सामग्री वगळली आहे. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात जनुकीय माहितीला वेगळे, अधिक जपणुकीचे स्थान दिलेले नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची नैतिक मार्गदर्शक तत्त्वे आहेत. पण तत्त्व मोडले म्हणून कोणाला न्यायालयात खेचता येत नाही. मावळातल्या करवंदाच्या झाडाला कायद्याचे जे संरक्षण आहे, ते ती करवंदे टोपलीत घेऊन महामार्गावर विकणाऱ्या ठाकर बाईच्या रक्ताला नाही.

म्हणून चार मागण्यांवर जनमत तयार व्हावे असे मला सुचवावयाचे आहे. एक, निसर्गात आढळणाऱ्या जनुकाला पेटंट नाही, हे आज मार्गदर्शक सूचनांत आहे ते कायद्यातच निःसंदिग्ध शब्दांत यावे, म्हणजे व्यापारी करारांच्या वाटाघाटींत ते कोणाला सहज सोडून देता येणार नाही. दोन, पेटंटपूर्व हरकतीचा नागरिकांचा हक्क २०२४ पूर्वीप्रमाणे निःशुल्क आणि खुला करावा. तीन, सार्वजनिक पैशाने किंवा सार्वजनिक रुग्णालयांतील रुग्णांच्या नमुन्यांतून मिळालेली जनुकीय माहिती, व्यक्तीची ओळख झाकून, सार्वजनिक संग्रहातच राहावी. ती वापरणाऱ्या कंपनीने आपले निष्कर्ष त्याच संग्रहात परत जमा करावेत आणि तयार झालेली तपासणी सरकारी रुग्णालयांना खर्चाच्या दरात द्यावी. चार, ज्याचे रक्त घ्यावयाचे त्याला त्याच्या भाषेत, संभाव्य व्यापारी उपयोगासह, सारे सांगून संमती घेणे कायद्याने बंधनकारक व्हावे.

यांपैकी एकही मागणी विज्ञानाच्या विरोधातील नाही. विज्ञानावरील अविश्वास ही प्रतिगाम्यांची मिरासदारी आहे. ती आपण उचलण्याचे कारण नाही. शास्त्रज्ञाला वेतन, साधने आणि सन्मान मिळावा, यंत्र आणि औषध घडविणाऱ्याला मोबदला मिळावा, हे आपण म्हणतोच. ज्ञान दिल्याने कमी होत नाही, म्हणून त्याची टंचाई ही कायद्याने मुद्दाम घडवावी लागते. ती घडवावयाची असेल तर तिचे कारण, तिची मर्यादा आणि तिची मुदत समाजाने ठरविली पाहिजे, कंपनीच्या वकिलाने नव्हे.

आपल्या आमदार-खासदारांना या चार गोष्टींवर त्यांची भूमिका लेखी विचारावी आणि गावात रक्त तपासणीची शिबिरे होतील तेव्हा नमुन्यांचे पुढे काय होणार, हा साधा प्रश्न संयोजकांना उघडपणे विचारावा. एवढे काम या अभ्यासवर्गाने अंगावर घेतले, तर येथे जमल्याचे चीज झाले असे मी समजेन.